सत्त्याण्णवावी चूल

डोमाजी थूल यांना काही विचारलं आणि उत्तर द्यायचं नसलं, की ते म्हणत, "सुटे नाईत. उतरतानी घेजो."

चौतीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. सुटे नसले की तिकिटाच्या मागं बाकी लिहायची आणि उतरताना द्यायची. निवृत्तीनंतर बस गेली, ही सवय बोलण्यात राहिली. भावना आष्टनकरला त्यांच्याकडून अशी बरीच उत्तरं यायची होती. त्यातलं एक चार वर्षांपासून अडलं होतं. आबाजी, तुम्ही वेगळी चूल काऊन मांडली?

आंजनखुटी हे गाव वडनेरपासून सहा किलोमीटर आत आहे. डोमाजींचं घर बुद्धविहाराच्या मागं. अंगण एक, दारं दोन. एका दाराआड मुलगा रुपेश आणि सून दिपाली. रुपेश समुद्रपूरला सरकारी कचेरीत कारकून. घरात गॅस, मिक्सर, पाणी गाळायचं यंत्र. दुसऱ्या दाराआड डोमाजी एकटे. ओसरीत मातीची चूल. शेतातून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आणायच्या, मोडून लावायच्या, भात आणि वरण शिजवायचं. एका दारापासून दुसरं दार मोजून सात पावलं. भावनानं मोजली होती.

भांडण म्हणावं तर तेही दिसत नव्हतं. दिपाली त्यांच्या गोळ्यांची आठवण करायची. ते तिची कुंडीतली तुळस पाणी घालून जगवायचे. गावात तर्क पुष्कळ होते. कोणी म्हणे वावराच्या हिश्श्यावरून. कोणी म्हणे दिपालीच्या हाताला चव नाही. डोमाजी कोणाचंच खोडत नसत.

भावना गावातल्या किराणा दुकानदाराची, बंडूजी आष्टनकरांची मुलगी. वय तेवीस. हिंगणघाटच्या कॉलेजातून मराठीत एम.ए. झाली होती. नोकरी नव्हती. वडनेरला शिकवण्या घेत होती. दर गुरुवारी ती हिंगणघाटच्या वाचनालयातून डोमाजींसाठी दोन पुस्तकं आणायची. पुढच्या गुरुवारी पुस्तकं परत यायची, पानांमध्ये खुणेसाठी जुनी तिकिटं अडकवलेली. कोणतं पुस्तक आवडलं हे तिकिटावरून कळायचं. आवडलेल्या पुस्तकात लांबच्या गावाचं तिकीट असायचं.

जानेवारीत मात्र डोमाजी वाचत नसत. जानेवारीत ते ज्वारी गोळा करत.

बावीस वर्षांपूर्वी एका धर्मादाय दवाखान्यानं गावात योजना आणली होती. दर घरानं वर्षातून एकदा दोन पायल्या ज्वारी द्यायची. पाच एकरांच्या वर वावर असलं तर चार. मग त्या घरातल्या कोणाचंही वर्षभराचं दुखणं निम्म्या बिलात. उरलेलं निम्मं दवाखाना आणि ही ज्वारी मिळून सोसत. तेव्हा लोकांच्या कोठीत ज्वारी असे, हातात पैसा नसे. म्हणून धान्य. पुढे दवाखाना रोख घ्यायलाही तयार झाला. डोमाजी झाले नाहीत. ते पितळेची पायली घेऊन दारोदार जात, सपाट भरत, पहिल्या मापाला एक न म्हणता "लाभ" म्हणत, मग दोन.

अट एकच होती. गावातल्या चारांपैकी तीन घरांनी तरी द्यायला हवं. तेवढी घरं भरली नाहीत तर ज्यांनी दिलं त्यांचीही कार्डं होत नसत. ज्वारी परत.

"असं काऊन?" भावनानं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"फक्त दुखणाईत माणसंच गाडीत बसली तं गाडी चालत नाई," डोमाजी म्हणाले होते. "धडधाकट बी बसले पाह्यजेत."

आणि घर म्हणजे चूल. रेशन कार्डावर एक कुटुंब, जेवताना तीन, असा घोळ पहिल्याच वर्षी झाला होता. तेव्हापासून दवाखान्याची माणसं येऊन चुली मोजत. जिथं वेगळं शिजतं ते वेगळं घर. गॅस असो की माती.

या वर्षी गावात सत्त्याण्णव चुली होत्या. त्यांचे चारातले तीन म्हणजे बहात्तर आणि पाऊण. पाऊण घर ज्वारी देत नाही, म्हणून त्र्याहत्तर. इतकी वर्षं हा आकडा सहज ओलांडला जायचा. या वर्षी नाही. काहींना सरकारी कार्ड मिळालं होतं. काहींच्या पोरांनी पुण्याहून पॉलिसी काढून दिली होती. काही नुसतेच कंटाळले होते.

शुक्रवारी सकाळी डोमाजी बंडूजींच्या दुकानात आले. भावना आत तुरीची डाळ निवडत होती.

"जय भीम, बंडूजी."

"रामराम, डोमाजी. जवारी घ्याले आले का मांगाले?"

यातली गंमत सगळ्या गावाला माहीत होती. आंजनखुटीत आता ज्वारी कोणी पेरत नव्हतं. रानडुकरं ठेवत नाहीत, त्यांच्यातून उरलं तर पाखरं. सगळीकडं कापूस, सोयाबीन, तूर. योजनेत द्यायची ज्वारी लोक बंडूजींच्याच दुकानातून विकत घेत. जानेवारीत त्यांची सात-आठ पोती हलायची. स्वतः बंडूजींनी मात्र तीन वर्षांपासून दाणा दिला नव्हता.

"बहात्तर झाले," डोमाजी म्हणाले. "एक कमी आहे. परवा आयतवारी दवाखान्याची गाडी येते."

"मंग?"

"मंग काई नाई. तुमच्या दुकानात उभा आहो."

बंडूजींनी तराजूचं पारडं पुसलं. "डोमाजी, मले एक सांगा. माह्या घरची पॉलिसी आहे. हप्ता मी भरतो. गावातलं कोणी कधी आलं का? म्हणालं का, बंडूजी, यंदा धंदा मंदा आहे, तुमचा हप्ता आमी भरतो?"

"नाई."

"मंग गावाचा मी काऊन भरू? माणूस खर्रा खाते, तोंड खराब करून घेते, अन् त्याच्या दवाखान्याचा खर्च बंडूजीनं द्याचा?"

डोमाजींनी दुकानाच्या चौकटीला लटकणाऱ्या सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पुड्यांकडं पाहिलं. "खर्रा तं तुमच्याच दुकानचा जाते ना."

दोन गिऱ्हाइकं हसली. बंडूजीही हसले. चिडणाऱ्या माणसाला पटवता येतं. हसणाऱ्याचं काय करायचं?

"आमची एक शेवटची गाडी राहे," डोमाजी पायलीवर हात ठेवून म्हणाले. "कधी चार माणसं, कधी दोन. डिझल तेवढंच. त्या दोघायलेच पूरा खर्च मांगतला असता तं तिकीट पाचशेचं झालं असतं. कोण बसलं असतं? दिवसाच्या भरल्या गाड्या तिचा खर्च काढत. दिवसाच्या पॅसिंजरनं मले कधी विचारलं नाई, का रातच्या गाडीचा खर्च माह्याकडून काऊन घेता."

"त्याले मालूमच नव्हतं," बंडूजी म्हणाले. "मालूम असतं तं विचारलं असतं. अन् तोट्यातच गेली ना तुमची एसटी?"

डोमाजींनी पायली काखेत घेतली. या वेळी त्यांच्याकडं खरंच सुटे नव्हते.

भावनानं डाळीतून खडा काढला आणि हातात धरून ठेवला. तिला दोघांचंही पटत होतं. याचीच तिला अडचण झाली. पाच वर्षं ती दुःखावरच्या कविता शिकली होती. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. त्या दुःखाचं बिल कोणी भरायचं, असा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता.

ती चपला घालून डोमाजींच्या मागं निघाली.

ज्योत्स्नाचं घर गावाच्या टोकाला. ती कापूस वेचायला जायची. वय बत्तीस. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी वाढली की हाडांत कळा निघत. आज ती दारातच उन्हात बसली होती, पायांवर गोधडी, ओठ घट्ट मिटलेले.

"कधीपासून?" डोमाजींनी विचारलं.

"परवापासून."

"अन् दवाखान्यात काऊन नाई गेली?"

"जुनं कार्ड संपलं ना आबाजी. आयतवारी नवं होते का पाहते. झालं तं जाईन."

"तुही हाडं तारीख पाहून दुखतात काय?"

ज्योत्स्ना हसली. हसतानाही तिनं गुडघा दाबून धरला. "मागच्या थंडीत आठ दिवस भरती होती मी. निम्म्या बिलात मायच्या कानातले गेले. आता पूरं बिल आलं तं कानच द्या लागन."

"सरकारी कार्डावर नाही होत?" भावनानं विचारलं.

"ते मोठ्या ऑपरेशनले कामी येते, ताई. माह्यं दुखणं येते अन् जाते. त्याले कोण ऑपरेशन म्हणन?" मग तिनं डोमाजींकडं पाहिलं. "माह्या दोन पायल्या मी दिल्या ना पण. पयल्या दिवशी."

"पयल्या घंट्याले," डोमाजी म्हणाले.

परतताना ते भरभर चालत होते. भावनाला गाठायला त्रास होत होता. बहात्तर घरांत सगळ्यांत आधी जिनं दिलं, तिचंच एका घरापायी अडलं होतं. ते एक घर तिच्या बापाचं असू शकत होतं. आणखीही एक घर होतं. ती धीर करून बोलली.

"आबाजी, रुपेशदादाले मांगतलं का?"

डोमाजी थांबले. विहाराच्या भिंतीकडं पाहत राहिले. "उतरतानी घेजो," ते म्हणाले. पण नेहमीसारखं हसले नाहीत.

शनिवारी सकाळी भावनाला उपाय सुचला.

दुकानाच्या मागं गोदाम होतं. गोदामासमोर मोकळी जागा. तिनं तीन विटा मांडल्या. पऱ्हाट्या आणल्या. गंजात तांदूळ आणि डाळ एकत्र घातली, मीठ टाकलं आणि पेटवलं. अर्धा तास धूर झाला. मग खिचडी झाली. खाली लागली, पण झाली.

तिची आई कमरेवर हात ठेवून पाहत होती. "पोट्टी बह्याड झाली."

"मी आजपासून वेगळी," भावना म्हणाली. "माह्यी चूल वेगळी. मी एक घर आहे."

बंडूजी गोदामातून बाहेर आले. खिचडीकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. "लगन झाल्यावर पोरी वेगळ्या निंगतात. तू बिनालगनाचीच निंगाली?"

"दोन पायल्या जवारी द्या. पैसे देते."

शिकवणीच्या पैशातून तिनं ज्वारी घेतली. बंडूजींनी एक दाणा कमी-जास्त न करता मापली आणि भाव पुरा घेतला. मग ती डोमाजींना बोलवायला धावली.

डोमाजी आले. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. चुलीपुढं उकिडवे बसले. विटा हलवून पाहिल्या. गंजातली खिचडी बोटानं चाखली.

"खालून लागली."

"पण शिजली ना?"

"शिजली. चूल आहे, हे मानलं. धूर पोत्यायकडं जाऊन राह्यला, तेवढं तोंड फिरवजो." ते थांबले. "अठ्ठ्याण्णव."

"काय अठ्ठ्याण्णव?"

"गावातल्या चुली. कालवर सत्त्याण्णव होत्या. तू धरून अठ्ठ्याण्णव. त्याले चौऱ्याहत्तर लागतात. आपल्याजवळ तुह्यी धरून त्र्याहत्तर."

भावनानं मनात हिशेब केला. पुन्हा केला. मग ती विटेवर बसली. वीट गरम होती. ती उठली.

"म्हणजे एक कमीच?"

"चूल वाढली का गरज बी वाढते," डोमाजी म्हणाले. "तुह्या ध्यानात नाई आलं. एम.ए.ले गणित नसते."

समोर तीन विटा होत्या. मधे राख, राखेत विझत आलेला जरासा इस्तो. डोमाजी त्या इस्त्याकडं पाहत राहिले. भावनाला वाटलं, आबाजींना वाईट वाटलं. तिनं माफी मागायला तोंड उघडलं.

"अन् एक चूल कमी झाली तं?" डोमाजी म्हणाले. ते तिला विचारत नव्हते. "शहाण्णव. शहाण्णवाले बहात्तर." त्यांनी बोटं मिटली. "बहात्तर तं आहेत."

"कोणती चूल कमी होणार आहे पण?"

डोमाजी गुडघ्यावर हात रेटून उठले. पायली न घेताच निघाले. भावना पायली घेऊन त्यांच्या मागं गेली.

ओसरीत ते आपल्या चुलीसमोर बसले. चूल सुबक होती. दर आठवड्याला सारवलेली. वरची भिंत काळी. बाजूला पऱ्हाट्यांची मोळी. भावना उंबऱ्यावर टेकली.

"घे," डोमाजी म्हणाले. "तुह्ये सुटे."

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी, त्यांची बायको वच्छलाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या जानेवारीत, डोमाजी सगळं गाव फिरून घरी आले. आपल्या घरची ज्वारी राहिली होती. रुपेश म्हणाला, बाबा, मला नोकरीतून दवाखान्याचं बिल मिळतं. मी दोन जागी काऊन भरू? डोमाजींनी समजावलं. शेवटची गाडी सांगितली. तुझी माय दोनदा याच कार्डावर भरती होती, हे सांगितलं. रुपेश म्हणाला, ते तेव्हाचं. शब्दाला शब्द वाढला. डोमाजी उठले आणि म्हणाले, ज्या चुलीची जवारी जात नाही त्या चुलीचं मी खात नाही. आणि तुला परत मागणारही नाही.

"दुसऱ्या दिवशी ही मांडली. या चुलीच्या दोन पायल्या दिल्या. यंदाच्या बहात्तरात बी ती आहे. मले वाटलं, चला, थुलायच्या घरचं नाव राह्यलं." ते चुलीच्या कडेवरून हात फिरवत होते. "चौतीस वर्षं मी गाडीतली माणसं मोजली, भावना. रोज मोजली. पण कंडक्टर स्वतःले मोजत नाई. ती सवय. मी एक चूल भरली, हे मोजलं. मी एक चूल वाढवली, हे मोजलंच नाई."

चार वर्षं भावनानं या चुलीबद्दल काय काय कल्पना केल्या होत्या. एक गोष्टसुद्धा लिहायला घेतली होती. तिच्या गोष्टीत सून वाईट होती.

"तुह्या खिचडीपायी कळलं," डोमाजी म्हणाले. "लागली होती, पण कामी आली."

दिपाली अंगणात कपडे काढत होती. डोमाजी उठले. सात पावलं गेले. तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले.

"दिपाली."

"काय मामाजी?"

"सांजच्याले किती पोळ्या टाकते तू?"

"काऊन? पाव्हणे येऊन राह्यले का?"

"हाव. एक."

"कोण?"

डोमाजींनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

दिपालीच्या हातातली चादर अर्धी दोरीवर, अर्धी हातात राहिली. ती सासऱ्याकडं पाहत राहिली. मग तिनं चादरीची घडी घालायला घेतली. सावकाश. चारही टोकं जुळवून.

"किती दिवस आहे पाव्हणा?"

"जगन तवरिक."

"मंग त्याले पाव्हणा म्हणत नाई." तिनं घडी छातीशी धरली. "अन् एक सांगून ठेवते. माह्या वरणात हिंग राह्यते. चार वर्षं तुमी बिनहिंगाचं खाल्लं. आता नाक मुरडाचं नाई."

आवाज ऐकून रुपेश दारात आला. शनिवार होता, घरीच होता. डोमाजींनी त्याला सगळं सांगितलं. चुली किती, घरं किती, ज्योत्स्ना दारात कशी बसली आहे. रागानं नाही. गाडी का थांबली हे प्रवाशांना सांगावं तसं.

रुपेश ऐकत होता. त्याचे कान लाल झाले. "दोन पायल्याचाच प्रश्न होता तं मांगाच्या ना बाबा. आत्ता देतो. कायले चूल मोडता?"

"पुढच्या साली?"

रुपेश चौकटीवरचा रंग नखानं खरवडू लागला.

"यंदा बापाकडं पाहून देशीन. पुढच्या साली अजून तुह्या दारात उभा राहू? तुले पटलं नाई तं नको देऊ. तुह्या नोकरीचं तुह्याजवळ. मी काई तुले पटवाले नाई आलो. माह्यी चूल जास्तीची आहे, ते मी काढून राह्यलो. तू फक्त जेवू दे."

"म्हणजे कार्ड सगळ्या घराचंच होणार. जवारी तुमची अन् नाव माह्यंही."

"चूल एक, कार्ड एक."

"मंग मी न देताच आलो त्याच्यात."

"येते माणूस कधी कधी," डोमाजी म्हणाले. "बिनातिकिटाचे बी बसत माह्या गाडीत. सगळ्यायले काई मी उतरवलं नाई."

दिपाली फिसकन हसली. रुपेशला हसावं की नाही कळेना. तो ओसरीत गेला, भिंतीला टेकवलेली पहार घेऊन आला आणि बापाकडं धरली. डोमाजींनी घेतली. ओसरीत जाऊन चुलीवर तीन घाव घातले. माती सुटली. आतल्या विटा काळ्याकुट्ट होत्या. भावनानं त्या एकावर एक रचल्या. तिच्या हाताला काजळी लागली आणि ती दिवसभर गेली नाही.

रविवारी दवाखान्याची गाडी आली. मयुरीताई नावाच्या बाई चार वर्षांपासून चुली मोजायला येत. त्या दारोदार फिरल्या. बंडूजींच्या गोदामामागं तीन विटा होत्या, पण राख झाडलेली आणि गंज घासून पालथा. भावनानं स्वतःहून सांगितलं, "हे घर बंद झालं." डोमाजींनी तिची ज्वारी घेतली नव्हती. घर नाही तर माप नाही. बंडूजींनी ती परत घेतली, किलोमागं दोन रुपये कमी देऊन. "परतीचा माल," ते म्हणाले.

थुलांच्या अंगणात मयुरीताई थांबल्या. ओसरीच्या काळ्या भिंतीकडं पाहिलं. रचलेल्या विटांकडं पाहिलं.

"इथे दोन चुली होत्या ना?"

"काल दुपारवर," डोमाजी म्हणाले. "आता एक."

"आबाजी, राग नका मानू. आकडा बसवायला लोक रातोरात चुली मोडतात. गाडी गेली की पुन्हा मांडतात. मला खात्री करावी लागते." त्या दिपालीकडं वळल्या. "काल यांनी काय खाल्लं?"

"चार पोळ्या. वांग्याची भाजी, वरण-भात," दिपाली म्हणाली. "अन् म्हणाले, मीठ कमी आहे."

"सकाळी?"

"पोहे. म्हणाले, मीठ जास्त आहे."

मयुरीताईंनी डोमाजींकडं पाहिलं. डोमाजी तुळशीकडं पाहत होते. "एकाच चुलीचं आहे," त्या म्हणाल्या, आणि हातातल्या कागदावर शहाण्णव लिहिलं.

बहात्तर घरांची कार्डं झाली. दुपारी परत जाताना गाडी ज्योत्स्नाच्या दारात थांबली. तिला भावना आणि मयुरीताईंनी धरून बसवलं. बसताना तिनं गोधडी पायांवर ओढली आणि डोमाजींना विचारलं, "कोण निंगालं मंग त्र्याहत्तरावं?"

"तू जा पयले," डोमाजी म्हणाले. गाडीच्या पत्र्यावर त्यांनी दोनदा थाप मारली. ड्रायव्हरनं गाडी सोडली. तो तरुण होता, त्याला कंडक्टरची ही खूण माहीत नसावी. तरीही कळली.

बंडूजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. गाडी गेली त्या धुळीकडं पाहत म्हणाले, "डोमाजी, मले तं काई समजून नाई राह्यलं. दाणा कोणी वाढवला नाई. मंग कमी पडलं ते कोणाच्या आंगावर गेलं?"

डोमाजींनी विचार केला. "सुटे नाईत, बंडूजी."

बंडूजी हसले नाहीत. दुकानात गेले. संध्याकाळपर्यंत दोनदा त्यांनी भावनाला विचारलं, काय झालं सांग बरं नीट. तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी तराजू बाजूला ठेवला होता. देणार की नाही, हे पुढच्या जानेवारीत कळेल.

पाचच्या सुमाराला भावना थुलांच्या अंगणात गेली. पुस्तकांचं विचारायचं होतं. डोमाजी वावराकडून येत होते. डोक्यावर पऱ्हाट्यांची मोळी. ते सवयीनं ओसरीत शिरले, वाकले, आणि तसेच राहिले. मोळी ठेवायची कुठं? चूल नव्हती. ते मोळी हातात धरून उभे राहिले. बराच वेळ. भावनानं हाक मारली नाही.

दिपालीनं आतून पाहिलं. "आणा इकडं मामाजी. आंगधुण्याचं पाणी तापवाले होते."

डोमाजी सात पावलं चालत गेले आणि मोळी न्हाणीजवळ ठेवली. तिथं दोन दगड होते, वर काळा हंडा.

भावनाला एकदम काळजी वाटली. "आबाजी, ही चूल मोजतात का?"

डोमाजींनी हंड्याखाली वाकून पाहिलं, मग तिच्याकडं. "पाणी शिजत नाई, भावना. तापते," ते म्हणाले. "अन् गुरुवारी जाड पुस्तक आणजो. आता मले टाइम आहे."